माई रूडोचं अर्धं माप

ड्रेस्डेनला आम्ही ज्या इमारतीत राहायचो, तिथे सकाळी जिना उतरताना एका प्रश्नातून कुणाची सुटका नसायची. तळमजल्याचं दार उघडायचं, आतून एक ठेंगणी, ऐसपैस, डोक्याला झगझगीत फडकं बांधलेली बाई बाहेर यायची, दोन्ही तळवे ओंजळीसारखे करून हलक्या दोन टाळ्या वाजवायची आणि विचारायची, "झोप झाली का?"

आता जर्मनीत शेजारी शेजाऱ्याला 'मॉर्गन' म्हणतो, तेही कुणी उपकार मागितल्यासारखं. झोपेबिपेची चौकशी इथे कुणी करत नाही. पण मी पडले पुण्याची, नसत्या चौकशांवरच वाढलेली. मी म्हटलं, "हो, झाली," आणि निघाले.

"थांब थांब," मागून आवाज आला. "मलाही विचार की!"

"तुमची झाली का झोप?"

"तुझी झाली असेल तर माझीही झाली," ती म्हणाली, पुन्हा दोन टाळ्या वाजवल्या आणि सायकलवर टांग मारून निघूनही गेली. मी बस चुकवली.

ही माई रूडो. मूळची झिम्बाब्वेची, भाषा शोना. बर्लिनची भिंत पडायच्या आधी, पूर्व जर्मनी नावाचा देश होता तेव्हा, बालवाडी शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला आली ती इथलीच झाली. घंटेच्या पाटीवर तिचं लांबलचक नाव होतं, पण ते पोस्टमनखेरीज कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. माई म्हणजे आई. रूडो म्हणजे तिची मुलगी. रूडोची आई म्हणून माई रूडो. तिच्याकडे बाईला पोर झालं की तिला पोराच्याच नावाने हाक मारायची. बाईचं स्वतःचं नाव असं पुसलं जातं याविरुद्ध मी कॉलेजात असताना तावातावाने भाषण केलेलं आहे, बक्षीससुद्धा मिळवलंय. पण पुढे आमची ईरा झाली आणि माईने दवाखान्यात येऊन, पाळण्यासमोर टाळ्या वाजवून, पहिल्यांदा "माई ईरा" म्हटलं, तेव्हा मी अशी काही फुलले की ते भाषण कुठच्या कुठे गेलं. त्याआधी मी तिच्या लेखी नुसती 'पोरगी' होते.

तिची जर्मन अस्सल सॅक्सन. इकडचे लोक हो म्हणायला 'या' म्हणत नाहीत, 'नू' म्हणतात, आणि क, प, टचे ग, ब, ड करून सगळी भाषा लोण्यासारखी मऊ करून टाकतात. माझा नवरा अजित चिप बनवायच्या कारखान्यात इंजिनियर. पुण्यात दोन वर्षं क्लास लावून त्याने जर्मनचं व्याकरण अगदी घोटून पाठ केलेलं. माईशी पहिल्यांदा बोलून तो वर आला आणि म्हणाला, "बाई फार गोड आहेत, पण त्या कुठली भाषा बोलतात?"

त्या झोपेच्या प्रश्नाने आमच्या इमारतीत काय काय केलं! दुसऱ्या मजल्यावर हेर, म्हणजे आपले श्रीयुत, क्राउझे राहायचे, निवृत्त ट्रामचालक. जिन्यात बाबागाडी ठेवली की त्यावर चिठ्ठी चिकटवणारे. माईने म्हणे कित्येक वर्षं त्यांना रोज विचारलं आणि त्यांनी रोज हनुवटी हलवून वेळ मारून नेली. एके दिवशी कसं कोण जाणे, खरं बोलून गेले. "नाही झाली. कंबर."

"मग माझीही नाही झाली," माई म्हणाली.

आणि ते तिने नुसतं म्हटलं नाही. संध्याकाळी सूपचं पातेलं घेऊन ती त्यांच्या दारात उभी राहिली. त्यांनी पातेलं ठेवून घेतो म्हटल्यावर, "नू, ठेवून घ्या, पण मी पण बसणार आहे," म्हणत आत शिरली. ते सूप संपेपर्यंत ती उठली नाही. तेव्हापासून हेर क्राउझे स्वतःच आधी विचारू लागले. फक्त टाळ्या वाजवायच्या नाहीत, एवढा जर्मन बाणा त्यांनी शेवटपर्यंत राखला.

माईशी माझी खरी ओळख झाली ती माझ्या मूर्खपणामुळे. एका रविवारी तिने मला दारातून आत ओढलं. टेबलावर दोन ताटं. मी आपली रीतीप्रमाणे सुरू झाले. नको नको, आत्ताच जेवले, खरंच पोट भरलंय. आपल्याकडे हे एकदा म्हणायचं असतं, दुसऱ्यांदा म्हणायचं असतं, आणि तिसऱ्या आग्रहाला "बरं, अगदी थोडं" म्हणून पाट घ्यायचा असतो. पोटात कावळे कोकलत होते. मी निवांत तिसऱ्या आग्रहाची वाट पाहत होते.

जर्मन माणूस असता तर पहिल्याच 'नको'ला बरं म्हणून मोकळा झाला असता. माई मात्र कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"भूक आहे का, असं मी विचारलं होतं?"

"नाही."

"मग भुकेचं कशाला सांगतेस? बस म्हटलं."

मी बसले. तिने एक तांब्या आणि तसराळं आणलं, गुडघे टेकले आणि माझ्या हातांवर पाणी घातलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वयाने माझ्या आईएवढी बाई! मी उठायला लागले तर दंडाला धरून पुन्हा खाली बसवलं. ताटात पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड होती, तिला ती साद्झा म्हणायची, आणि शेजारी दाण्याचं कूट लावलेली पालेभाजी. मी घास घेतला आणि मला एकदम आमच्या घरची चाकवताची भाजी आठवली. दाण्याचं कूट आपल्याशिवाय जगात कुणाला सुचलं नसेल, असा माझा ठाम समज होता. तो त्या दिवशी गेला.

जेवण अर्धं झाल्यावर ती म्हणाली, "उकामा इगास्वा..." आणि थांबली.

मी म्हटलं, "काय?"

"उरलेलं तू म्हणायचं असतं. हुनोझाद्झिस्वा नेकुद्या."

शोना लोकांत म्हणी अशाच चालतात, हे मला मग कळलं. एकाने अर्धी टाकायची, दुसऱ्याने पुरी करायची. पुरी करणारं कुणी नसेल तर म्हण हवेत लटकत राहते. या म्हणीचा अर्थ तिने असा सांगितला: नातं म्हणजे काठोकाठ न भरलेलं माप. ते भरतं जेवण्याने.

"माझ्या आजीच्या गावात परका वाटसरू आला ना," ती सांगायला लागली, "तर त्याला आधी नाव विचारायचे नाहीत. विचारायचे, तुझा प्राणी कोणता? प्रत्येक कुळाचा एक असतो. सिंह, माकड, एलंड नावाचं थोराड हरीण, कुणाचा नुसता डोह. माझा हुंग्वे, मासे मारणारा गरुड. ज्याचा जो, तो त्याने मारायचा नाही, खायचा नाही. आणि ज्यांचा एक, ते भाऊबहीण, त्यांच्यात लग्न नाही. मग कुठून ना कुठून नातं निघायचंच. कुणी मामा निघे, कुणी नातू. पण ते झालं अर्धं. ते तर आईबापांनी दिलेलं, त्यात तुझं काय? मग हातावर पाणी, मग ताट. तो जेवला की माप भरलं. नाव सगळ्यात शेवटी."

"आणि नाही जेवला तर?"

"तर तो अजून रस्त्यावरच आहे," माई म्हणाली, आणि मला आणखी वाढलं.

तिच्या बालवाडीतही हेच. तिथली पोरं जेवायच्या आधी जोडीजोडीने एकमेकांच्या हातावर पाणी घालायची. सगळी फरशी ओली व्हायची, मुख्याध्यापिका कपाळाला हात लावायची, आणि माई म्हणायची, "फरशी वाळते." पुढे आमची ईरा त्याच बालवाडीत गेली. ती आमच्याशी जर्मनमध्येच बोलते, मराठी कळते पण वळत नाही. पण सकाळी उठल्यावर अजितला ती जर्मनमध्ये म्हणायची, "पापा, तू झोपलास का? मग मी पण झोपले."

पण ही झाली पुढची गोष्ट. ईरा झाली तेव्हा माझ्या सासूबाई यायच्या होत्या आणि त्यांचा व्हिसा लांबला. तीन खोल्यांत मी, अजित आणि एक सतत रडणारं गाठोडं. अजितची कारखान्यातली पाळी सकाळची. माझी आई तर दम्यामुळे प्रवासच करू शकत नव्हती. त्या दिवसांत माईने मला अक्षरशः भरवलं. बालवाडीतून सुटली की थेट वर. ईराला पाठीवर घेऊन कापडाने करकचून बांधायची आणि माझ्या स्वयंपाकघरात राज्य करायची. पोर तिच्या पाठीवर जाताच गप्प. मी घेतली की पुन्हा सुरू. मला राग यायचा, आणि मग मी गाढ झोपून जायचे.

शेवटी सासूबाई आल्या. पाटणच्या आतल्या डोंगरी गावातल्या. अंगाने काटकुळ्या, आवाज मात्र शेतापलीकडून हाक मारायचा. येताना एक बॅग कपड्यांची आणि एक नुसत्या पिठांची: ज्वारी, हुलगा, आणि बाळंतिणीसाठी नाचणी. विमानात त्यांनी ताटाला हात लावला नव्हता. मांडीवर फडकं पसरून दशमी-चटणी खाल्ली, आणि शेजारच्या जर्मन माणसालाही दिली. कारण सासूबाईंनी परान्न सोडलेलं होतं. अजित चार वर्षांचा असताना काविळीने अगदी जायला निघाला होता. तेव्हा भैरोबाला बोलल्या होत्या, पोरगं उठू दे, जन्मभर दुसऱ्याच्या घरचं खाणार नाही. पोरगं उठलं. त्यानंतर लेकीच्या सासरीसुद्धा त्या आपलं पीठ घेऊन जायच्या.

आता आली का पंचाईत? एक बाई म्हणते जेवल्याशिवाय नातं नाही. दुसरी म्हणते नात्याबाहेरचं जेवणार नाही. आणि मध्ये दुभाषी म्हणून मी.

मी माईला समजावून सांगितलं. मला वाटलं रागावेल. पण ती म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं! परक्याच्या हातचं आम्ही तरी कुठे खातो? काय घातलं असेल कुणास ठाऊक. म्हणजे आधी आपण परक्या राहता कामा नये." आणि फडकं नीट बांधून वर आली, सासूबाईंसमोर खाली बसली, टाळ्या वाजवल्या. "अंबुया," म्हणजे आजी, "तुमचा प्राणी कोणता?"

मी भाषांतर केलं, जरा अवघडूनच. सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

"अगं, ही देवक विचारतीय! हिला कसं कळलं?" आणि माईकडे वळून मोठ्याने, म्हणजे मराठी कळेल अशा बेताने, म्हणाल्या, "मोराचं पीस! मोर!" वर हात करून पिसारासुद्धा दाखवला.

माईने मांडीवर थाप मारली. "पक्षी! मी पण पक्षी!" दोन्ही हात पसरून तिने गरुड करून दाखवला. त्या इवल्याशा खोलीत दोन पोक्त बाया पंख पसरून एकमेकींकडे बघत होत्या, आणि पाळण्यात ईरा पाय झाडत होती. निकाल लागला. पक्षी आणि पक्षी, म्हणजे बहिणी. सासूबाई वयाने मोठ्या, म्हणून थोरली.

"मग आता खाली या जेवायला," माई म्हणाली.

सासूबाईंनी पदर सावरला. मग हळूच म्हणाल्या, "तिला सांग, बहीण मानली ती खरी. माझ्या सुनेचं एवढं केलंस, पायाचं तीर्थ घेतलं तरी कमीच. पण नवस देवाशी बोलले मी, बहिणीशी न्हवं. त्यात माझं पोर हाय."

मी सांगितलं. माईने मान हलवली. म्हणाली, "पोराचा प्रश्न असेल तर मी काय बोलणार." खाली जाताना तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं.

आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात रूडोचं लग्न ठरलेलं. रूडो जर्मनीच्या पार दुसऱ्या टोकाला, आखनला शिकली, तिथेच नोकरीला, आणि नवरा येन्स, तोही तिथलाच इंजिनियर, पण मूळ ड्रेस्डेनजवळच्या गावचा. श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे नोंदणी कचेरीत, सह्या करायच्या आणि मग येन्सचे वडील ज्या बागवाल्यांच्या मंडळात होते त्यांच्या हॉलमध्ये जेवण. येन्सच्या बाजूने चाळीसेक माणसं. माईच्या बाजूने तिची थोरली बहीण झिम्बाब्वेहून येणार होती. रूडोचे वडील कधीच वारलेले. एक बहीण म्हणजे फार नाही, पण तिच्यावर सगळं अवलंबून होतं, कारण माईच्या घरात रीत अशी की आई सोडून मुलीकडच्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाने पहिला घास घ्यायचा. तो घेतला की दोन घरं जोडली गेली. तोपर्यंत कुणी ताटाला हात लावायचा नाही.

लग्नाला दोन दिवस असताना बहिणीचा फोन आला. व्हिसा नाकारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि सासूबाई ईराला घेऊन जिना उतरत होतो. हेर क्राउझेंनी माईला विचारलं, "झोप झाली का?"

माई म्हणाली, "नाही झाली."

इतक्या वर्षांत हे उत्तर कुणी ऐकलं नव्हतं. हेर क्राउझे हातातली कचऱ्याची पिशवी धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "मग माझीही नाही." आणि त्यांनी, मी स्वतः पाहिलं, पिशवी खाली ठेवून दोन टाळ्या वाजवल्या.

"काय झालं? काय म्हणतीय ती?" सासूबाईंनी विचारलं. मी सगळं सांगितलं. लेकीच्या लग्नात तिच्या बाजूचं वडीलधारं कुणीच नाही, हेही सांगितलं.  सासूबाई फिरायला जायचं सोडून माघारी वर गेल्या. मला वाटलं, गुडघा दुखत असेल. थोड्या वेळाने पाहते तो त्या नाचणीच्या पिठाचा स्टीलचा डबा काखोटीला मारून एकट्याच खाली निघालेल्या! जर्मनचा एक शब्द येत नाही. मी धावले मागून.

माई ओट्याशी उभी होती. सासूबाईंनी डबा तिच्यापुढे ठेवून झाकण काढलं. "सांग हिला. हे माझ्या घरचं पीठ, माझ्या शेतातलं. माझ्या घरचं म्हणजे परान्न न्हाई. लग्नात हे शिजव, मी बसते तुझ्या बाजूनं. थोरली बहीण हाय न्हवं मी?"

मी भाषांतर करेपर्यंत माईने वाकून पिठाचा वास घेतला होता. ती तशीच वाकून राहिली. मग चिमूटभर तोंडात टाकलं.

"रुक्वेझा," ती म्हणाली. "पोरी, हे रुक्वेझा आहे! मका नंतर आला आमच्याकडे. आजी याचाच साद्झा करायची, काळा, खरखरीत. हे इथे कुठून आणलंत तुम्ही?"

"पाटणहून," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

माई रडली आणि हसली, दोन्ही एकदमच. सासूबाईंनी पदराने तिचे डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "बघत काय बसलीस, पाणी दे तिला."

मग मात्र माझ्यातली दुभाषी नसती शंका काढून बसली. मी माईला विचारलं, "पण आपलंच पीठ खाऊन नातं भरतं का?"

माईने खूप विचार केला. "नू," ती म्हणाली, "अर्धं भरतं."

लग्नाच्या दिवशी हॉलमागच्या स्वयंपाकघरात जो गोंधळ झाला तो मी जन्मात विसरणार नाही. आधी पातळ पेज करायची, मग मूठमूठ पीठ टाकत लाकडी पळीने घोटायचं. सासूबाईंची उकड काढायची रीतही जवळपास तीच, म्हणून तर भांडण. "अगं, गुठळ्या होतील! हलव की! मिरवत काय बसलीस!" सासूबाई अस्सल पाटणी मराठीत. "नू, नू, नू," माई घामाघूम होऊन घोटत. मग सासूबाईंनी पळी हिसकावून घेतली. मग माईने ती परत हिसकावली. नवरी पांढऱ्या झग्यात दाराशी येऊन हसत उभी. येन्सची आई, वक्तशीर बाई, घड्याळ बघत मला म्हणाली, "आल्झो, तर मग, काही मदत हवीय का?" मी म्हटलं, "मध्ये पडू नका."

जेवणाची वेळ झाली. लांब टेबलाच्या एका बाजूला येन्सची ती सगळी माणसं. या बाजूला मधोमध इरकल नेसलेल्या सासूबाई, त्यांच्या शेजारी आम्ही, आणि कोट घालून आलेले हेर क्राउझे. माईने गुडघे टेकून सासूबाईंच्या हातांवर पाणी घातलं. सासूबाईंनी हात मागे घेतले नाहीत. दोन्ही हात पुढे करून, डोळे मिटून पाणी घेतलं. समोर ताट आलं. एका बाजूला नाचणीचा तपकिरी गोळा, दुसऱ्या बाजूला माईची दाण्याच्या कुटाची भाजी.

 सगळे सासूबाईंकडे बघत होते. येन्सच्या वडिलांच्या हातात काटा होता, बायकोने त्यांना डोळ्यांनी दटावून तो खाली ठेवायला लावला. माई टेबलाच्या टोकाला उभी होती, दोन्ही हात पोटाशी घट्ट धरून. इतकी लहान मी तिला कधी पाहिली नव्हती.

सासूबाईंनी नाचणीचा घास मोडला. बोटांत वळला. थोडं मीठ लावलं आणि नुसताच खाल्ला. सावकाश चावून गिळला. माईने मान डोलावली. मला माहीत होतं, ती मनात म्हणत होती, अर्धं.

मग सासूबाईंनी दुसरा घास मोडला. आणि तो थेट भाजीत बुडवला.

 मी पुटपुटले, "आई... आई, ती भाजी तिच्या घरची आहे." पलीकडून अजितही उठायला लागला. शेवटी नवस त्याच्याच जिवासाठी होता ना.

"गप बस," सासूबाई म्हणाल्या. "पहिला घास माझ्या घरचा होता. त्यानं मी हिची झाले. आता हा दुसरा माझ्या बहिणीच्या घरचा. बहिणीच्या घरचं परान्न असतं व्हय गं?" घास तोंडात घालून त्या अजितकडे वळल्या. "बस रे खाली. तुला काही होत न्हाई. भैरोबाला नाती कळत्यात." आणि मग, चावता चावता, मला हळूच, "मीठ थोडं कमी हाय. सांगू नको."

मला हसू फुटलं. मी माईला एवढंच सांगितलं की सासूबाई भाजी चांगली झालीय म्हणतायत. सांगायची गरजच नव्हती. माईने तोंडावर तळवा आपटत अशी एक किलकारी दिली की हॉलच्या खिडक्या थरारल्या. हेर क्राउझेंच्या हातून ग्लास सांडला. येन्सच्या वडिलांनी सुटलो म्हणून सगळ्यांच्या आधी जेवायला सुरुवात केली. आणि येन्सची आई डोळे टिपत मला विचारायला लागली, "काय झालं? नक्की काय झालं?" मी म्हटलं, "माप भरलं." तिला काय कळलं देव जाणे, पण ती मान हलवून "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणाली.

सासूबाई परत गेल्या त्या दिवशी नाचणीचा डबा त्यांनी माईकडेच ठेवला. मी म्हटलं, पूर्ण भरून देते. तर म्हणाल्या, "नको. थोडा रिकामा राहू दे. भरला तर यायचं काय कारण?"

पुढे रूडोला मुलगा झाला आणि माई नोकरी संपवून आखनला जायला निघाली. ट्रक आला. हेर क्राउझे काठी टेकत टेकत खोकी मोजत होते आणि कामगारांवर उगाच ओरडत होते. माईच्या खोल्या रिकाम्या झाल्या. मी बालवाडीतून ईराला आणून जिन्यात उभी होते. माई शेवटी आतून आली ती हातात तो स्टीलचा डबा घेऊन. तिने तो दोन्ही हातांनी पुढे केला. मी दोन्ही हातांनी घेतला. झाकण उघडलं. आत दाण्याचं कूट होतं, अर्ध्यापर्यंत.

मी नको नको म्हटलं नाही. तेवढं मी शिकले होते.

तिने टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "उकामा इगास्वा..."

आणि थांबली. इतकी वर्षं मी ते पुरं करत आले होते, जिन्यात, जेवताना, फोनवर. शब्द अगदी ओठांवर होते. खाली ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.

मी तोंड मिटून घेतलं.

माई वाट बघत राहिली. भुवया वर गेल्या. "विसरलीस?"

"नाही," मी म्हटलं. "उरलेलं आखनला येऊन म्हणेन. तुमच्या टेबलावर बसून."

मग तिला कळलं. अख्खा जिना हलेल अशी ती हसली. ट्रकच्या पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी चढून बसली तरी हसतच होती. ट्रक निघाला तसा तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडून ईराला म्हणाली, "तुझ्या आईला उपाशी आण गं!"

ईरा दोन्ही हात पसरून गरुड करत, ट्रक वळेपर्यंत फुटपाथवर धावत राहिली.